रांगत जाण्याजोगा भोपळा : स्वस्त व निर्धोक पात्र कोणतें?

अलीकडे कृषिप्रदर्शनांत व शाळांच्या संमेलनांत मुलांचीं छायाचित्रें घेण्यासाठीं मोठे देखावे उभारण्याची चाल पडली आहे. त्यांत भोपळ्याचा देखावा विशेष आवडीचा. लेकीच्या घरून भोपळ्यांत बसून परतणारी म्हातारी प्रत्येक मराठी मुलास ठाऊक असते. मुलानें एका तोंडानें रांगत शिरावें, दुसऱ्या तोंडांतून डोकें काढावें व तेवढ्यांत चित्र घ्यावें. प्रश्न एवढाच कीं, इतकें मोठें पोट थोड्या खर्चांत मिळावें कोठून?

मिरजेंत भोपळा म्हटला कीं तंबोऱ्याची आठवण होते. येथील सतार व तंबोरा यांस सन २०२४ मध्यें भौगोलिक मानांकन मिळालें. त्यांचे भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात. परंतु चांगला रुंद भोपळाहि सुमारें अर्धा मीटर व्यासाचा. त्यांत मूल शिरणार नाहीं, आणि त्याची कवची भार सोसणार नाहीं. तो वाद्यें करणारांसच राहूं द्यावा.

मग नजर जाते ती भंगारवाल्याकडील २०० लिटरच्या पिंपाकडे. त्याचा व्यास सुमारें ५८ सेंटिमीटर व उंची ९० सेंटिमीटरच्या आंतबाहेर असल्यानें लहान मूल त्यांतून जाऊं शकतें. येथें किंमत विचारण्यापूर्वीं ‘यांत पूर्वीं काय होतें?’ हें विचारावें. कीटकनाशकांचा अंश प्लास्टिकमध्यें मुरतो व धुतल्यानें पुरता जात नाहीं. द्राक्षबागेंत छाटणीनंतर काडीस लावण्याचें हायड्रोजन सायनामाइड तर त्वचेस अत्यंत घातक आहे. कीटकनाशकांचीं रिकामीं भांडीं पुन्हां वापरलीं जाऊं नयेत म्हणून तीं फोडून वस्तीपासून दूर पुरावींत, असें सन १९७१ च्या कीटकनाशक नियमांतच सांगितलें आहे. तेव्हां आंबारस, काकवी अशा खाद्यपदार्थाचें मूळ चिठ्ठी शाबूत असलेलें पिंपच घ्यावें. चिठ्ठी खरवडलेली असेल तर फुकट मिळालें तरी नको. लोखंडी पिंप तर यंत्रानें कापूंच नये. आंत राहिलेल्या ज्वालाग्राही द्रव्याची वाफ ठिणगीनें पेटून स्फोट होतो.

तडकलेली पाण्याची टाकी रुंद असते व तिच्यांत विषाची भीति नसते. मात्र उन्हानें कुजलेलें प्लास्टिक तुकडे होऊन फुटतें, व कापलेली कड हात चिरते. कड जुन्या रबरी नळीनें झांकल्यास ती चालेल. सिमेंटचा नळ मात्र जड. तो घरंगळला तर अनर्थ होईल.

आमच्या मतें सर्वांत उत्तम पात्र म्हणजे आपली बुरुडी कणगी. धान्य पोत्यांत व पत्र्याच्या कोठ्यांत जाऊं लागल्यापासून कित्येक वाड्यांत जुन्या कणग्या रिकाम्या पडून आहेत. जींत धान्याच्या किडीसाठीं विषारी गोळ्या ठेवल्या असतील ती वगळावी. इतर कणगी झाडून, उन्हांत वाळवून आडवी ठेवावी, बूड काढून दोन्ही तोंडें मोकळीं करावींत व दोहों बाजूंस वाळूचीं पोतीं लावावींत. आंतून तरटाचें अस्तर द्यावें, म्हणजे बांबूची कूस लागणार नाहीं. बाहेरून काथ्याच्या दोऱ्या उभ्या ताणून बांधल्या म्हणजे भोपळ्याच्या फांकी उठतात. त्यांवर गव्हाच्या खळीनें जुने कागद चिकटवून वाळल्यावर काव व पिवडी यांचा रंग द्यावा. हळदीचा रंग उन्हांत उडतो.

दोन नियम मात्र मोडूं नयेत. तोंडाची रुंदी ६० सेंटिमीटरहून कमी नसावी, व लांबी दीड मीटरहून अधिक नसावी, म्हणजे अडलेल्या मुलापर्यंत मोठ्या माणसाचा हात कोणत्याहि बाजूनें पोंचतो. तसेंच एकहि तोंड कधीं बंद करूं नये. कोंडलेली हवा जीव घेते, हें पूर्वीं पेवांत हळद सांठविणाऱ्या हरिपूरकरांस सांगणें नको. कागदी वेष्टनाजवळ दिवा किंवा फटाकाहि नसावा.

प्रदर्शन संपतांच कागद सोलून, बूड पुन्हां विणून व शेणमातीनें लिंपून कणगी धान्यास परत लावतां येते. पिंपाच्या चौकशींत वेळ घालविण्यापेक्षां आपल्या माळ्यावर एकदां पाहून येणें अधिक फायद्याचें.