मर्यादित शेल आणि दूरस्थ आज्ञा

एका संगणकापुढे बसून दूरवरच्या शेकडो सर्व्हरांस एकाच वेळी आज्ञा देणे आता नित्याचे झाले आहे. या आज्ञा बहुधा एसएसएच या मार्गाने जातात. फिनलंडमधील हेलसिंकी तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यावर परवलीचे शब्द चोरले गेल्यानंतर तातु इलोनेन यांनी तो १९९५ मध्ये रचला. त्यावरून जाणारा मजकूर कूटबद्ध असतो.

पलीकडच्या टोकास एसएसएच सेवा आलेली आज्ञा स्वतः चालवीत नाही. ज्याच्या नावाने प्रवेश झाला त्याच्या शेलाच्या, म्हणजे आज्ञा वाचून कार्यक्रम चालविणाऱ्या दुभाष्याच्या, हाती ती सोपविते. अडचणीचे मूळ येथेच आहे, कारण हा दुभाषी मुद्दाम मितभाषी केलेला असू शकतो. बॅश या प्रसिद्ध शेलाचे 'आरबॅश' हे मर्यादित रूप घ्यावे. त्यात निर्देशिका बदलता येत नाही, आज्ञा शोधावयाचा मार्ग बदलता येत नाही, आज्ञेच्या नावात तिरकी रेघ चालत नाही आणि निष्पत्ती फाइलीत वळविता येत नाही.

आता २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अॅन्सिबल या स्वयंचालन साधनाची रीत पाहावी. ते दूरच्या यंत्रावर एक तात्पुरती निर्देशिका निर्माण करते, तीत पायथन भाषेतील छोटा कार्यक्रम ठेवते, तो चालविते आणि मागची आवराआवर करते. हे सारे ते 'बिन' निर्देशिकेतील साध्या शेलास पूर्ण पत्त्याने हाक मारून करविते. आणि त्या पत्त्यात तिरकी रेघ असते! साहजिकच आरबॅश पहिलीच आज्ञा नाकारतो. त्रुटीच्या संदेशात मात्र पुष्कळदा तात्पुरत्या निर्देशिकेचे नाव येते, आणि बिचारा व्यवस्थापक अनुमतींचा शोध घेत बसतो.

कोणता शेल हाकारावा हे अॅन्सिबलच्या मांडणीत बदलता येते. 'रॉ' या प्रकारात तर पलीकडे पायथनचीही गरज उरत नाही. परंतु निर्बंधच काढून पूर्ण शेल देऊन टाकणे हा उपाय नव्हे. ती कुलपाची किल्ली दारालाच टांगून ठेवण्याची तऱ्हा झाली. मर्यादित शेलही अभेद्य नसतो. आरबॅशने एखादी शेल-लिपी चालविली की त्या लिपीपुरते निर्बंध उठतात. 'व्हीआय' संपादकाची मुभा असेल, तर त्याच्या आतून दुसरा शेल उघडता येतो.

यापेक्षा भक्कम योजना एसएसएचमध्येच आहे. सर्व्हरवरील अधिकृत किल्ल्यांच्या फाइलीत प्रत्येक किल्लीपुढे एक ठराविक आज्ञा लिहिता येते. त्या किल्लीने कोणी काहीही मागितले तरी तीच आज्ञा चालते. मूळ मागणी केवळ एका चलात नोंदली जाते. ठराविक आज्ञा म्हणून लिहिलेला छोटा कार्यक्रम ते चल वाचतो, मागणी स्वतःच्या यादीशी ताडून पाहतो आणि यादीत नसेल ते नाकारतो. रात्रीची प्रत काढणाऱ्या किल्लीने मग प्रतच निघते, फाइली पुसता येत नाहीत.