खेळातला सामुराई आणि इतिहासातला सामुराई



मोबाईलवर किंवा कॉम्प्युटरवर लढाईचे गेम तुमच्यापैकी बरेच जण खेळता. खेळता खेळता राजे, किल्ले, हत्यारं यांची नावं तोंडपाठ होतात. मग वाटायला लागतं, की त्या काळचा इतिहासही आपल्याला कळला. खरंच कळतो का? चला, आज एका जुन्या आणि नावाजलेल्या गेमच्या मदतीने हे तपासून बघूया.

गेमची ओळख

१९८९ साली अमेरिकेतल्या मायक्रोप्रोज या कंपनीने 'सोर्ड ऑफ द सामुराई' म्हणजे 'सामुराईची तलवार' हा कॉम्प्युटर गेम काढला. त्याचे मुख्य रचनाकार होते लॉरेन्स शिक. गेम घडतो जपानच्या सेन्गोकु काळात. १४६७ साली क्योतो शहरात ओनिन युद्ध पेटलं आणि पुढची शंभराहून जास्त वर्षं जपानभर लढाया चालू राहिल्या. या काळाला सेन्गोकु म्हणतात. सम्राट होता, शोगुन म्हणजे सर्वोच्च सेनापतीही होता, पण ते नावापुरतेच. खरी सत्ता ठिकठिकाणच्या सरदारांच्या हातात होती. या सरदारांना दाइम्यो म्हणत.

गेममध्ये आपण एका दाइम्योच्या पदरी असलेला सामुराई असतो. आपल्यासारखे आणखी काही सामुराई त्याच मालकाकडे असतात आणि ते सगळे आपले स्पर्धक. त्यांना मागे टाकून आधी दाइम्यो व्हायचं, मग शोगुन व्हायचं.

यात डोकं लागतं आणि हातही लागतो. जमीन वाढवणं, सैन्य बाळगणं, लग्न करणं, वारस तयार करणं हा झाला डावपेचांचा भाग. मधूनच तलवारीचं द्वंद्व खेळावं लागतं, कधी एकट्याने अनेकांशी झुंजावं लागतं, तर कधी मैदानात सैन्य हलवावं लागतं. हा झाला हाताचा भाग.

आणखी एक गोष्ट आहे, इभ्रत. चांगलं वागलं की इभ्रत वाढते. स्पर्धकाला गुपचूप मारता येतं, त्याच्या घरच्या माणसाला पळवताही येतं. पण पकडले गेलो तर इभ्रत धुळीला मिळते, आणि कलंक पुसायला जीवही द्यावा लागू शकतो. वारस असेल तर खेळ त्याच्या रूपाने पुढे चालतो.

आता मुद्द्याची गोष्ट. गेम बनवणाऱ्याला ठरवावं लागतं, की कशाला गुण द्यायचे आणि कशाला नाही. म्हणजे गेमचा प्रत्येक नियम हे इतिहासाबद्दलचं एक विधान असतं. विधान म्हटलं की ते बरोबर की चूक, हे तपासता येतं. आपण तीन नियम तपासू.

नियम पहिला : वारस नसेल तर सगळं व्यर्थ

हे विधान इतिहासाशी चांगलं जुळतं. ओदा नोबुनागा, तोयोतोमी हिदेयोशी आणि तोकुगावा इएयासु या तिघांनी एकापाठोपाठ एक जपान एका सत्तेखाली आणला. त्यातला हिदेयोशी १५९८ साली वारला तेव्हा त्याचा मुलगा हिदेयोरी जेमतेम पाच वर्षांचा होता. दोनच वर्षांत, १६०० साली, सेकिगाहाराची मोठी लढाई झाली. ती इएयासुने जिंकली आणि १६०३ साली तो शोगुन झाला. पण त्याने लगेच पुढचा विचार केला. १६०५ सालीच त्याने शोगुनपद आपल्या मुलाला, हिदेतादाला दिलं. १६१५ साली ओसाकाचा किल्ला पडला आणि हिदेयोरीचाही शेवट झाला. तोकुगावा घराण्याची सत्ता मात्र अडीचशेहून जास्त वर्षं टिकली.

नियम दुसरा : इभ्रत गेली की सामुराई संपला

इथे मात्र थांबून विचार करायला हवा. १५८२ साली नोबुनागा क्योतोतल्या होन्नो-जी मंदिरात मुक्कामाला होता. तिथे त्याच्यावर हल्ला केला तो त्याच्याच सरदाराने, आकेची मित्सुहिदेने. नोबुनागाचा तिथेच अंत झाला. सेकिगाहाराच्या लढाईत कोबायाकावा हिदेआकी हा सरदार ऐन वेळी इएयासुच्या बाजूने फिरला आणि लढाईचं पारडं झुकलं.

म्हणजे त्या काळी दगाफटका सर्रास होता. म्हणूनच तर घरची माणसं ओलीस ठेवायची पद्धत होती. खुद्द इएयासुने लहानपणीची बरीच वर्षं दुसऱ्या घराण्याकडे ओलीस म्हणून काढली. शब्दावर विश्वास असता तर ओलीस कशाला लागले असते?

मग 'सामुराई म्हणजे प्राण गेला तरी निष्ठा सोडणार नाही' ही प्रतिमा आली कुठून? नावलौकिकाची काळजी सेन्गोकु काळातही होतीच. पण सामुराईच्या धर्माचे नीट मांडलेले नियम बरेचसे नंतरचे, म्हणजे तोकुगावांच्या शांततेच्या काळातले आहेत. लढाया संपल्या होत्या, बरेच सामुराई कचेरीत कारकुनी करत होते. 'मग आपण योद्धे कशाचे?' या प्रश्नाचं उत्तर ते शोधत होते. पुढे १९०० च्या सुमारास नितोबे इनाझो या जपानी विद्वानाने 'बुशिदो' हे पुस्तक इंग्रजीत लिहिलं आणि ही प्रतिमा जगभर पोचली. गेममधला इभ्रतीचा नियम या नंतरच्या प्रतिमेशी जास्त जुळतो.

नियम तिसरा : जमीन म्हणजे ताकद

हे अर्धं बरोबर आहे. जपानमध्ये जमिनीची किंमत तांदळात मोजत. त्याचं माप होतं कोकु. एक कोकु म्हणजे साधारण १८० लिटर, एका माणसाला वर्षभर पुरेल इतका तांदूळ. जितके कोकु जास्त, तितकं सैन्य जास्त.

पण हा तांदूळ पिकवतं कोण? चिखलात उभं राहून लावणी करणारा शेतकरी. गेममध्ये त्याची जमीन हा फक्त एक आकडा आहे. बायकांचंही तसंच. त्या दिसतात त्या बहुतेक लग्नापुरत्या आणि वारसापुरत्या.

याहून मोठी गंमत पुढे आहे. हिदेयोशी स्वतः साध्या शेतकरी कुळातून वर आलेला माणूस होता. त्याच्या तरुणपणी शेतकरी आणि सैनिक यांच्यातली रेघ पुसट होती. १५८८ साली त्यानेच हुकूम काढून शेतकऱ्यांकडची हत्यारं जमा करायला लावली आणि ती रेघ ठळक केली. आपण ज्या दारातून आलो तेच दार त्याने मागच्यांसाठी लावून घेतलं! गेममध्ये तर आपण सामुराईच्या घरातूनच सुरुवात करतो. म्हणजे जपानच्या इतिहासातला हा इतका मोठा माणूस या गेममध्ये होऊच शकत नाही.

मग गेम खोटा का?

नाही. गेम मजेदार आहे, विचारपूर्वक केलेला आहे. वारसाचं महत्त्व तो पुस्तकातल्या चार ओळींपेक्षा चांगलं समजावतो, कारण ती धडपड आपण स्वतः करतो. पण नकाशात जशा सगळ्या गोष्टी दाखवता येत नाहीत, तसंच गेमचंही असतं. काय दाखवलं आणि काय गाळलं, हे ओळखणं आपलं काम.

तुमच्यासाठी उपक्रम

तुम्ही खेळत असलेला कोणताही ऐतिहासिक गेम घ्या. मोबाईल नसेल तर मित्राला विचारा. वहीत ही चार उत्तरं लिहा :

१. या गेममध्ये गुण कशाचे मिळतात?
२. त्या काळात असलेली कोणती माणसं गेममध्ये दिसत नाहीत?
३. गेमचा कोणता नियम खऱ्या घटनेशी जुळतो? घटना आणि साल लिहा.
४. कोणता नियम जुळत नाही? का?

तिसऱ्या आणि चौथ्या प्रश्नासाठी पुस्तकं चाळावी लागतील, शाळेच्या ग्रंथालयात जावं लागेल. तेच तर हवं आहे! उत्तरं वर्गात वाचून दाखवा. एकाच गेमबद्दल दोघांची उत्तरं वेगळी आली तर घाबरू नका. दोघांनी आपापला पुरावा समोर ठेवा आणि कोणाचा जास्त पक्का आहे ते वर्गाला ठरवू द्या.