परतीचा शिक्का

थायलंडमध्ये निवृत्त परदेशी माणसाचं सगळं बिऱ्हाड एका फाईलवर उभं असतं. वय पन्नाशीच्या पुढे, बँकेत ८ लाख बात किंवा महिन्याला ६५ हजार बातचं उत्पन्न, एवढं दाखवलं की वर्षभर राहायची परवानगी मिळते. दर ९० दिवसांनी पत्ता कळवायचा. देशाबाहेर जायचं असेल तर आधी री-एंट्री परमिटचा शिक्का घ्यायचा, नाहीतर विमानात बसताक्षणी परवानगी रद्द. चियांग माईत इंग्रज, अमेरिकन, जर्मन, जपानी पेन्शनर वर्षानुवर्षं असेच राहत आले आहेत, आणि त्यांच्यात आम्ही नवरा-बायकोही. २०२० च्या मार्चपर्यंत त्या शिक्क्याच्या भरवशावर माणसं निर्धास्त ये-जा करत होती.

चीनबाहेरचा कोविडचा पहिला रुग्ण १३ जानेवारी २०२० रोजी थायलंडमध्येच नोंदला गेला. पण आमच्या गावाला त्या मार्चमध्ये आधी धुराने घेरलं. शहरालगतच्या डोई सुथेप डोंगराचं जंगल पेटलं होतं, आणि दर उन्हाळ्यात शेतं-रानं जाळल्याने होणाऱ्या धुरासाठी घेतलेले एन-९५ मास्क घरात होतेच. २६ मार्चला आणीबाणी लागू झाली, ३ एप्रिलपासून रात्री दहा ते पहाटे चार संचारबंदी, ४ एप्रिलपासून प्रवासी विमानांना देशात उतरायला बंदी. थाई नववर्षाची, म्हणजे सोंगक्रानची सुट्टीही सरकारने पुढे ढकलली.

आत असलेल्यांना या देशाने नीट सांभाळलं, हे मला ठासून सांगायचं आहे. थायलंडमध्ये दहा लाखांहून जास्त ग्राम-आरोग्य स्वयंसेवक आहेत, बहुतेक बायका. आमच्या गल्लीतली स्वयंसेविका ताप मोजायला दारावर यायची, तेव्हा आम्ही परके आहोत असं तिच्या वागण्यात कधीही दिसलं नाही. व्हिसाची मुदत संपलेल्या परदेशी लोकांना जुलैअखेरपर्यंत, मग २६ सप्टेंबर, शेवटी ३१ ऑक्टोबरपर्यंत माफी मिळाली. मे महिन्यात रस्त्यांवर ‘सुख वाटण्याची कपाटं’ उभी राहिली. ज्याच्याकडे आहे त्याने ठेवावं, ज्याला हवं त्याने न्यावं. पर्यटन बुडाल्यामुळे मसाज करणाऱ्या, हॉटेलात राबणाऱ्या, लाल सोंगथाव टॅक्सी चालवणाऱ्या माणसांची रोजची कमाई थांबली होती. आमच्या ओळखीचे पेन्शनर पहाटे जाऊन त्या कपाटांत तांदूळ, अंडी, माशांचे डबे ठेवून यायचे. सप्टेंबरच्या सुरुवातीला देशाने स्थानिक संसर्गाशिवाय शंभर दिवस पूर्ण केले, आणि २०२० च्या अखेरीपर्यंत एकूण मृत्यू शंभरच्या आत राहिले.

पण जे त्या मार्चमध्ये बाहेर अडकले, त्यांचं काय? आमचे शेजारी, सत्तरी ओलांडलेले एक इंग्रज गृहस्थ, नातवाला बघायला गेले होते. पासपोर्टवर री-एंट्रीचा शिक्का होता, घरभाडं चालू होतं, कुत्रा आमच्या ओट्यावर होता. शिक्का मात्र निरुपयोगी ठरला. जुलैपासून थाई नागरिकांच्या जोडीदारांना आणि वर्क परमिटवाल्यांना टप्प्याटप्प्याने आत घेतलं. नुसत्या निवृत्तांचा नंबर वर्षाच्या शेवटाकडे लागला. तोही प्रवेशाचं प्रमाणपत्र, कोविडसकट १ लाख डॉलर खर्च भागवणारा विमा आणि स्वतःच्या खर्चाने हॉटेलात दोन आठवडे विलगीकरण, एवढं झाल्यावर. त्या वयाला विमा देणारी कंपनी शोधण्यातच त्यांचे महिने गेले. पर्यटकांना थोपवणं योग्यच होतं. पण ज्यांचं घर, औषधं, माणसं इथे आहेत त्यांनाही पर्यटकांत मोजणं अन्यायाचं होतं, आणि ते मला आजही तसंच वाटतं.

इथल्या रहिवाशांनाही पर्यटकांत मोजणारा तो नियम पुढच्या वर्षी आमच्या घरात शिरला. एप्रिल २०२१ मध्ये भारतातली दुसरी लाट भडकली आणि थायलंडने १ मेपासून भारतातून येणाऱ्या परदेशी नागरिकांना प्रवेश बंद केला. त्याच दिवसांत नाशिकला माझी ताई आजारी पडली. जायला विमान मिळालं असतं, परत यायला नाही. आणि बायकोला हृदयाच्या उपचारांमध्ये एकटं टाकून किती महिन्यांसाठी जायचं, हे कुणालाच सांगता येईना. ताई गेली. भाच्याने अंत्यविधीला फोन धरला होता, पण स्मशानातही माणसांना आत सोडत नव्हते, त्यामुळे मला दिसलं ते फाटक आणि पीपीई घातलेली दोन माणसं. दहाव्याला मी इथे पिंग नदीवर गेलो. गुरुजी नाशिकहून फोनवर सांगत होते. जे करता आलं ते केलं. पण लहानपणी मला शाळेत सोडायला येणाऱ्या बहिणीला मी खांदा दिला नाही, आणि ही गोष्ट कुठल्याही समजुतीने हलकी होत नाही.

त्याच वर्षी थायलंडही कोलमडला. ऑगस्टच्या मध्याला रोज वीस हजारांवर रुग्ण सापडत होते आणि लस अपुरी होती. ज्येष्ठ परदेशी माणसं आपापल्या वकिलातीकडे डोळे लावून बसली. फ्रान्सने जूनमध्येच इथल्या आपल्या ५५ वर्षांवरच्या नागरिकांसाठी लस पाठवली. बाकीच्यांना बहुतेक करून यजमान देशाच्या रांगेत उभं राहायला सांगण्यात आलं. ब्रिटिशांचं तर विशेष वाईट वाटतं. थायलंडमध्ये राहणाऱ्या ब्रिटिश माणसाची सरकारी पेन्शन महागाईप्रमाणे वाढत नाही, गोठलेली राहते; अमेरिकनांचा मेडिकेअर हा सरकारी आरोग्यविमा देशाबाहेर सहसा लागू होत नाही. आयुष्यभर कर भरलेल्या म्हाताऱ्यांना त्यांच्या देशांनी दिलेली ही वागणूक, आणि आम्हाला चियांग माईत थाई नागरिकांच्याच बरोबरीने फुकट टोचलेली अ‍ॅस्ट्राझेनेका, या दोन्ही गोष्टी मी एकत्रच लक्षात ठेवतो.

सीमा मात्र वेगाने उघडत गेल्या. १ जुलै २०२१ ला फुकेत ‘सँडबॉक्स’ म्हणून लस घेतलेल्या पर्यटकांना उघडलं, १ नोव्हेंबरला ६३ देशांतून लस घेतलेल्यांना विलगीकरणाशिवाय प्रवेश सुरू झाला, आणि १ जुलै २०२२ ला ‘थायलंड पास’ ही प्रवेशाआधीची नोंदणीही गेली.

१ सप्टेंबर २०२२ पासून सरकारने दहा वर्षांचा नवा व्हिसा आणला. त्यात श्रीमंत पेन्शनरांसाठी वेगळा वर्ग आहे, पण वर्षाला ८० हजार डॉलरचं उत्पन्न लागतं, किंवा त्याहून कमी उत्पन्नाच्या जोडीला थायलंडमध्ये मोठी गुंतवणूक. कपाटांत तांदूळ ठेवणाऱ्या आमच्या ओळखीच्या माणसांपैकी कुणाचीही पेन्शन तेवढी नाही. ती माणसं दरवर्षी तीच फाईल घेऊन त्याच खिडकीसमोर उभी राहतात. पुन्हा सीमा बंद झाल्या तर निवासाचा पुरावा असलेल्या निवृत्तांना पहिल्या गटात आत घ्यावं, एवढी एक ओळ नियमात यावी, असं मी जिथे संधी मिळते तिथे लिहून देतो.