किनाऱ्यावर चालायचे पैसे कशाचे?



मागच्या बैठकीत मी सांगितलं, की काही देशांत लोक समुद्राकाठच्या राष्ट्रीय उद्यानातून तीन-चार दिवस पायी फिरतात आणि सोबतीला वाटाड्या घेतात, पैसे देऊन. त्यावर आमच्या एक काकू म्हणाल्या, "चालायला कोण पैसे देतं? आम्ही रोज खाडी ओलांडतो, आम्हाला कुणी चहासुद्धा पाजला नाही!" सगळ्या हसल्या. पण काकूंचा प्रश्न रास्त होता. आज त्याचंच उत्तर शोधू.

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर, उत्तरेच्या टोकाला, आबेल तास्मान राष्ट्रीय उद्यान आहे. ते १९४२ साली स्थापन झालं. तिथल्या किनाऱ्यालगतची पायवाट साधारण ६० किलोमीटरची. चालायला तीन ते पाच दिवस लागतात. थोडं रान, थोडी वाळू, पुन्हा रान. रात्रीच्या मुक्कामाला निवारे आहेत, पण जागा आधी राखावी लागते. वाटाड्यासोबत गेलं तर बहुतेक वेळा जड सामान होडीनं पुढच्या मुक्कामी जातं. आपल्या पाठीवर फक्त पाणी, खाऊ आणि रेनकोट.

वाटेत आवारोआची खाडी लागते. तिच्यावर पूल नाही आणि भरतीच्या वेळी जायला दुसरी वाटही नाही. पूर्ण ओहोटीच्या आधी दीड तास आणि नंतर दोन तास, एवढ्याच वेळात ती ओलांडायची. म्हणून सगळ्या सहलीचं वेळापत्रक या साडेतीन तासांभोवती बसवतात. ओहोटी पहाटे असेल तर अंधारात उठायचं, दुपारी असेल तर वाट बघायची.

आता बघा, हे ज्ञान आपल्याकडे नाही का? तिथीची पाऊणपट केली की आपल्या किनाऱ्यावर भरतीची वेळ मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला भरती आणि बाराच्या सुमाराला ओहोटी. उधाण कधी, भांग कधी, हे आपल्याला आजीनं शिकवलं.

मग उणीव कुठे? ती मला गेल्या वर्षी कळली. मुंबईच्या मावसबहिणीला मी तिसऱ्या काढायला नेलं. आपण दहा मिनिटांत ओलांडतो त्या खाडीला तिला अर्धा तास लागला. चिखलात पाय कसा ठेवायचा हेच तिला माहीत नव्हतं. परतताना पाणी कमरेला लागलं. मी माझ्या पायांचा हिशोब केला होता, तिच्या नाही.

काकू, पैसे याचेच असतात. सगळ्यांत हळू चालणाऱ्या माणसाच्या पायांनी वेळ मोजायची, छापील भरती-ओहोटीचा तक्ता बघून अंदाज पडताळायचा, पाण्यात उतरण्याआधी आणि नंतर माणसं मोजायची. आणि पाहुण्यानं कितीही घाई केली तरी "आता नाही, थांबा" असं ठामपणे म्हणायचं.

वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत बचत गटाच्या बायका होडी वल्हवत पाहुण्यांना कांदळवन दाखवतात. म्हणजे हे काम आपल्या बायकांना जमतं.

पुढच्या बैठकीपर्यंत एक करा. पंधरा दिवस आपल्या खाडीची ओहोटी वहीत लिहा. शेजारी लिहा, नवख्या माणसाला ओलांडायला किती वेळ लागला. त्या वहीपासून सुरुवात करू. भेटू पुन्हा.