होडीमागचे इंजिन

(होडीच्या मागे बाहेरून बसवायच्या इंजिनाला आउटबोर्ड इंजिन म्हणतात. हे इंजिन कसे तयार झाले, शर्यतींमुळे ते कसे सुधारत गेले आणि या शर्यतींतून माणसाला कोणते धडे मिळाले, याची माहिती या पाठात दिली आहे.)

कोकणच्या किनाऱ्यावर गेलात, तर काही लहान होड्यांच्या मागे बाहेरून लावलेले एक इंजिन तुम्हांला दिसेल. वर इंजिन, मध्ये उभा दांडा आणि खाली पाण्यात फिरणारा पंखा, अशी त्याची साधी रचना असते. लहान इंजिन असेल, तर स्क्रू सैल करून ते उचलून घरी नेता येते. एके काळी अमेरिकेत आणि युरोपात याच इंजिनांच्या शर्यती फार गाजत असत.

या इंजिनाची गोष्ट आइस्क्रीमपासून सुरू होते. ओले इव्हिनरुड याचा जन्म १८७७ साली नॉर्वेत झाला. तो पाच वर्षांचा असताना त्याचे कुटुंब अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात आले. पुढे तो यंत्रे बनवणारा कुशल कारागीर झाला. उन्हाळ्यात एके दिवशी तो आणि बेस मित्रांबरोबर ओकाउची तळ्यावर सहलीला गेले होते. बेसला आइस्क्रीम खावेसे वाटले. ओले होडी वल्हवत दूरच्या काठावर गेला, पण परत येईपर्यंत आइस्क्रीम पार वितळून गेले होते! वल्ह्यांचे हे कष्ट इंजिनाने वाचतील, असे त्याला वाटले.

अशी इंजिने त्याच्या आधीही काही जणांनी बनवली होती. परंतु ओलेचे इंजिन भरवशाचे निघाले. १९०९ साली त्याने ते विक्रीस आणले. त्याची शक्ती दीड अश्वशक्ती, वजन ६२ पौंड, म्हणजे सुमारे २८ किलो, आणि किंमत ६२ डॉलर होती. ओले कारखाना पाहत असे, तर त्याची पत्नी बेस हिशेब, पत्रव्यवहार आणि जाहिराती सांभाळत असे. पुढे बेसची प्रकृती बिघडली, म्हणून ओलेने धंदा विकून टाकला. काही वर्षांनी त्याने अ‍ॅल्युमिनियम वापरून अधिक हलके इंजिन बनवले आणि दोघांनी पुन्हा नव्याने धंदा उभा केला.

ही जुनी इंजिने टू-स्ट्रोक पद्धतीची होती. फोर-स्ट्रोक इंजिनात दट्ट्या दोनदा वर आणि दोनदा खाली जातो, तेव्हा एकदा इंधन पेटते. टू-स्ट्रोक इंजिनात मात्र दट्ट्या एकदा वर आणि एकदा खाली गेला, की प्रत्येक वेळी इंधन पेटते. त्यामुळे इंजिन लहान असूनही पुष्कळ शक्ती देते. त्यात सुटे भागही कमी असतात. शर्यतीसाठी यापेक्षा सोयीचे इंजिन कोणते?

१९२० च्या दशकात जॉन्सन बंधूंनीही हलकी आणि जोरदार इंजिने बनवली. त्यामुळे एक नवी गोष्ट शक्य झाली. सावकाश जाणारी होडी पाणी कापत जाते. पण पुरेसा वेग मिळाला, की तिचा पुढचा भाग उचलला जातो आणि ती पाण्याच्या पृष्ठभागावरून घसरत धावू लागते. पाण्याचा अडथळा कमी होतो आणि वेग एकदम वाढतो. मग काय, जिकडेतिकडे शर्यती सुरू झाल्या!

अमेरिकेत हडसन नदीवर ऑल्बनीपासून न्यूयॉर्कपर्यंत दोनशे किलोमीटरांहून लांब शर्यत होत असे. चिमुकल्या होड्या थंड पाण्याचे फवारे अंगावर घेत धावत. नदीत वाहून आलेले लाकूड आडवे आले, तर होडी फुटे किंवा पंखा तुटे.

तळ्यावरच्या शर्यतीची रीत वेगळी होती. इंजिनाच्या आकारानुसार होड्यांचे गट पाडलेले असत. लहान मोठ्याशी स्पर्धा करत नसे. पाण्यात होडीला एका जागी स्थिर उभे करता येत नाही. म्हणून काठावर एक मोठे घड्याळ असे. त्याचा काटा शून्यावर आला, की होडीने आरंभरेषा ओलांडायची. आधी ओलांडली, तर ती बाद होई. चालक होडीत गुडघे टेकून बसे. त्याचा एक हात सुकाणूवर, तर दुसरा वेगाच्या मुठीवर असे. काही इंजिनांत मिथेनॉल आणि एरंडेल तेल यांचे मिश्रण वापरत. जळणाऱ्या एरंडेल तेलाचा तो वास आणि इंजिनांचा कर्कश आवाज जुने शौकीन कधीच विसरले नाहीत.

१९३९ साली विस्कॉन्सिनमध्येच कार्ल कीकहेफर याने एक बुडालेला कारखाना घेतला. तेथे दोषामुळे गिऱ्हाइकाने नाकारलेली सुमारे तीनशे आउटबोर्ड इंजिने पडून होती. त्याने ती दुरुस्त करून विकली. त्यातूनच ‘मर्क्युरी’ कंपनी उभी राहिली. इव्हिनरुड, जॉन्सन आणि मर्क्युरी यांच्यात मोठी चुरस लागली. रविवारी जे इंजिन शर्यत जिंके, त्याला सोमवारी गिऱ्हाइके मिळत.

१९५७ साली कीकहेफरने आपल्या इंजिनांची अवघड परीक्षा घेतली. फ्लोरिडातील एका तळ्याची जागा त्याने गुप्त ठेवली आणि त्याला ‘लेक एक्स’ असे नाव दिले. तेथे मर्क्युरीची इंजिने लावलेल्या दोन होड्या दिवसरात्र धावत राहिल्या. इंधनसुद्धा त्यांना धावता धावता दुसऱ्या होडीतून दिले जाई. सुमारे ३४ दिवसांत त्यांनी २५,००० मैल, म्हणजे जवळजवळ पृथ्वीच्या परिघाएवढे अंतर कापले.

वेगही वाढत होता. १९३९ साली फ्रान्सच्या ज्याँ दुप्युई याने ताशी ७९ मैलांचा, म्हणजे सुमारे १२७ किलोमीटरांचा विक्रम केला होता. १९५८ साली अमेरिकेच्या ह्युबर्ट एन्ट्रोपने तो ताशी १०७ मैलांच्या, म्हणजे सुमारे १७३ किलोमीटरांच्या वर नेला. बर्लिनमध्ये डीटर क्योनिग हाही नामांकित इंजिने बनवत असे. त्याचे होडीचे इंजिन मोटारसायकलला बसवून न्यूझीलंडच्या किम न्यूकमने १९७३ च्या ५०० सीसी जागतिक स्पर्धेत दुसरे स्थान मिळवले. पण ते यश पाहायला तो जिवंत नव्हता. हंगाम संपण्यापूर्वीच इंग्लंडमध्ये अपघातात त्याचा मृत्यू झाला.

पाण्यावरच्या शर्यतीतही मृत्यू दूर नव्हता. वेगवान होडीच्या तळाखाली वारा शिरला, की ती उलटी फेकली जाई. पाणी मऊ असते असे आपल्याला वाटते, पण अशा वेगात ते फरशीसारखे कठीण लागते. १९८४ च्या हंगामात तर काही चालकांचे प्राण गेले. त्यानंतर चालकाभोवती मजबूत कोष असलेल्या होड्या आल्या. चालक बाहेर फेकला गेला, तर इंजिन आपोआप बंद पडावे म्हणून एक दोरी त्याच्या अंगाला जोडलेली असते. ती ओढली गेली, की इंजिन थांबते. आज साध्या होडीतही अशी दोरी वापरतात. वेग वाढवण्याची कला माणसाने लवकर साधली, पण जीव सांभाळण्याची कला तो उशिरा शिकला.

टू-स्ट्रोक इंजिनाचा आणखी एक दोष होता. त्यात नवे इंधन आत येत असतानाच धूर बाहेर जातो. त्यामुळे जुन्या इंजिनांत पाव हिश्शापर्यंत इंधन न जळताच बाहेर पडे आणि पाण्यात मिसळे. १९९६ साली अमेरिकेने याविरुद्ध कडक नियम केले. हळूहळू फोर-स्ट्रोक इंजिने त्यांची जागा घेऊ लागली. २०२० साली इव्हिनरुड इंजिनांचे उत्पादनही बंद झाले.

शर्यती मात्र संपल्या नाहीत. २०१८ साली आंध्र प्रदेशातील अमरावती येथे कृष्णा नदीवर जागतिक शर्यत झाली. तेथेही होड्यांच्या मागे आउटबोर्ड इंजिनेच होती. शर्यतीने इंजिन हलके, जोरदार आणि भरवशाचे केले. आज भर समुद्रात मासेमाराचे इंजिन एका झटक्यात सुरू होते, त्यात त्या जुन्या शर्यतवीरांच्या धाडसाचाही वाटा आहे.

शब्दार्थ
वल्हे – होडी चालवण्याचा दांडा, चप्पू
दट्ट्या – इंजिनात वरखाली होणारा भाग, पिस्टन
सुकाणू – होडीला दिशा देण्याचे साधन
चुरस – जोराची स्पर्धा, मुकाबला
परीघ – वर्तुळाच्या कडेची लांबी
कोष – भोवतालचे संरक्षक आवरण

स्वाध्याय
प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) ओलेला इंजिन बनवावे असे का वाटले?
(आ) शर्यतीत आरंभरेषेजवळ घड्याळ का ठेवत?
प्र. २. टू-स्ट्रोक इंजिनाचे फायदे आणि दोष चार-पाच वाक्यांत लिहा.
प्र. ३. ‘जीव सांभाळण्याची कला तो उशिरा शिकला’ असे लेखक का म्हणतो?