गोंगाटातले सूर – लेखांक ६ : आरोळी आणि ध्रुवपद

मागच्या आठवड्यात आपण दोन ठिकाणी फिरून आलो. एक अमेरिकेच्या ईशान्येकडचा मॅसॅच्युसेट्सचा पट्टा, जिथे हार्डकोर पंक रुजलं आणि दुसरं स्वीडनचं गोथेनबर्ग, जिथे ‘अ‍ॅट द गेट्स’ आणि ‘इन फ्लेम्स’ यांनी डेथ मेटलमध्ये सुरेल गिटार आणली. हे दोन प्रवाह अनेकांनी एकत्र करून पाहिले होते. पण मला विचाराल तर ते खऱ्या अर्थाने एकजीव झाले ते २००२ च्या मे महिन्यात, ‘किलस्विच एंगेज’ या बँडच्या दुसऱ्या अल्बममध्ये. अल्बमचं नाव ‘अलाइव्ह ऑर जस्ट ब्रीदिंग’.

मॅसॅच्युसेट्समधल्या ‘ओव्हरकास्ट’ आणि ‘आफ्टरशॉक’ या दोन बँडांची फाटाफूट झाली, त्यातून १९९९ मध्ये हा नवा बँड उभा राहिला. बेसवर माइक डिअँटोनिओ, गिटारवर जोएल स्ट्रोएट्झेल, ड्रम्सवर अ‍ॅडम डुटकेविच आणि गायला जेसी लीच. २००० मध्ये ‘फेरेट म्युझिक’ या छोट्या कंपनीने त्यांचा पहिला अल्बम काढला. त्यात दम होता, पण ध्वनिमुद्रण कच्चं होतं. मग ‘रोडरनर’ने त्यांना करारबद्ध केलं. ही कंपनी तेव्हा ‘स्लिपनॉट’सारख्या बँडमुळे जोरात होती आणि बाजारात न्यू मेटलची चलती होती. त्या गर्दीत या मंडळींनी आपलं काम आपल्याच हातात ठेवलं. बर्कली संगीत महाविद्यालयात शिकलेल्या डुटकेविचने ड्रम्सही वाजवले आणि निर्मितीही सांभाळली. वेस्टफील्डच्या ‘झिंग स्टुडिओ’त ध्वनिमुद्रण झालं, मिक्सिंग मात्र इंग्लंडमध्ये अँडी स्नीपकडे दिलं. मुखपृष्ठ डिअँटोनिओचं. पहिल्या अल्बममधली ‘टेंपल फ्रॉम द विदिन’ आणि ‘विदे इन्फ्रा’ ही गाणीही इथे नव्याने मुद्रित केलेली आहेत. दोन्ही रूपं एकापाठोपाठ ऐकली की स्वच्छ मुद्रणाने या संगीताचं किती भलं केलं ते लगेच कळतं. गिटारच्या थरांमधली सुरावट पहिल्यांदाच नीट ऐकू येते.

आता जरा गिटारजवळ जाऊ. हा बँड गिटार ‘ड्रॉप सी’मध्ये लावतो, म्हणजे सगळ्यात जाड तार नेहमीपेक्षा चार अर्धस्वर खाली. फायदा असा की सगळ्यात जाड तीन तारांवर एकच बोट आडवं टाकलं की षड्ज, पंचम आणि वरचा षड्ज एकदम वाजतात. त्यामुळे हात पट्टीवर झरझर सरकतो आणि आवाजाला खोली येते. उजव्या हाताचा तळवा तारांवर हलकेच टेकवून हाणलं की सूर लांबत नाही, नुसता ठोका उरतो. ‘ब्रेकडाउन’ नावाचा भाग घडतो तो असा : लय एकदम निम्म्यावर येते, बेस ड्रम आणि गिटारचे दाबलेले ठोके अचूक एकावर एक पडतात आणि ऐकणाऱ्याची मान आपोआप हलायला लागते. हे हार्डकोरचं देणं. ब्रेकडाउनच्या अलीकडे-पलीकडे जोडीने धावणाऱ्या सुरेल गिटार हे गोथेनबर्गचं.

तरीही अल्बमचा प्राण लीचच्या गळ्यात आहे. ‘माय लास्ट सेरेनेड’ ऐका. कडव्यात तो छाती फाटेल असा ओरडतो, ध्रुवपद आलं की तोच माणूस मोकळ्या गळ्याने गातो. एकाच गाण्यात आरोळी आणि गाणं हे आधीही होतं. इथे मात्र आरोळीतला प्रश्न गाण्यात सुटतो, म्हणून ध्रुवपद चिकटवल्यासारखं वाटत नाही. शब्दही त्या काळच्या मेटलहून निराळे. स्वतःला सावरणं, माणसांनी एक होणं, श्रद्धा असे त्यांचे विषय. रागाच्या संगीतात इतक्या सरळ मनाने आशेबद्दल बोलायला धाडस लागतं.

आणि हेच गाणारा माणूस त्याच वर्षी आतून मोडत होता. ओरडून ओरडून गळा दुखावला होता, नैराश्याने घेरलं होतं. अल्बम आल्यानंतर थोड्याच काळात ईमेल पाठवून लीच बँडमधून बाहेर पडला. पुढे तो स्वतः मानसिक आरोग्याबद्दल उघडपणे बोलत आला आहे. त्याच्या जागी ‘ब्लड हॅज बीन शेड’चा हॉवर्ड जोन्स आला. डुटकेविच त्याआधीच ड्रम्स सोडून गिटारवर गेला होता.

समीक्षकांनी अल्बमची दखल घेतली, ‘माय लास्ट सेरेनेड’च्या व्हिडिओने बँडचं नाव दूरवर नेलं. पण खरा प्रभाव पुढच्या चार-पाच वर्षांत दिसला. आरोळीचं कडवं, गोड ध्रुवपद, मग ब्रेकडाउन हा साचाच पडला आणि कितीतरी बँड त्यातून निघाले. त्यातले बरेच मला रटाळ वाटतात. त्याचा दोष मी या अल्बमला देणार नाही. नकला करणाऱ्यांनी रचना उचलली, ती रचना ज्या गरजेतून आली ती गरज त्यांच्याकडे नव्हती.

लीच २०१२ मध्ये परतला. २०१९ च्या ‘अटोनमेंट’ अल्बममधल्या ‘द सिग्नल फायर’ या गाण्यात तो आणि हॉवर्ड जोन्स एकत्र गायले आहेत. जोन्सच्या काळाबद्दल, विशेषतः २००४ च्या ‘दि एंड ऑफ हार्टेक’बद्दल, पुढच्या आठवड्यात.