होडीची सुरक्षितता काठावरच ठरते

लहान होडीचा अपघात पाण्यात घडत असला, तरी त्याची कारणे बहुतेक वेळा होडी काठावर असतानाच निर्माण झालेली असतात. अंबरनाथ पश्चिमेच्या बाजूने वाहत कल्याणच्या खाडीकडे जाणारी उल्हास नदी उन्हाळ्यात संथ दिसते, परंतु पावसाळ्यात काही तासांतच पात्र सोडते; म्हणून या परिसरासाठी हा विषय जिव्हाळ्याचा आहे.

27 जुलै 2019 रोजी याच नदीच्या पुरामुळे बदलापूर आणि वांगणी यांदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली, तेव्हा राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाने हवेच्या रबरी होड्यांतून सुमारे 1,050 प्रवाशांना टप्प्याटप्प्याने सुखरूप बाहेर काढले. अशा होडीत हवेचे अनेक स्वतंत्र कप्पे असल्याने एक फुटला तरी ती तरंगते. तथापि त्या दिवशीचे यश जेवढे साधनांचे, तेवढेच प्रत्येक फेरीत मोजकीच माणसे नेण्याच्या शिस्तीचेही होते.

या शिस्तीमागे साधे विज्ञान आहे. पाण्याच्या पातळीपासून होडीच्या काठापर्यंतची उंची भार वाढताच घटते आणि मग किरकोळ लाटही आत शिरते. शिवाय, ज्या बिंदूत सर्व वजन एकवटल्यासारखे मानले जाते, तो गुरुत्वमध्य प्रवासी उभे राहताच वर सरकतो, आणि सगळे एका बाजूला झुकले तर होडी कलंडते. वाराही तितकाच घातक ठरतो: 21 मे 2024 रोजी उजनी जलाशयात वादळी वाऱ्यात प्रवासी बोट उलटून 6 जणांचा मृत्यू झाला. त्यामुळे आभाळ भरून आले असता होडी न सोडणे हाही सुरक्षिततेचाच नियम ठरतो.

पोहता येणाऱ्यालाही लाइफ जॅकेट आवश्यक असते, कारण घाबरलेली, दमलेली किंवा डोक्याला मार लागलेली व्यक्ती पोहू शकत नाही. मानवी शरीराची घनता पाण्याच्या जवळपास असल्याने प्रौढाचे डोके पाण्यावर ठेवण्यासाठी साधारण 3 ते 5 किलो वजन पेलण्याइतका जादा आधार पुरतो, आणि जॅकेट तो सहज देते. मात्र ते मापाचे हवे, पट्टे घट्ट बांधलेले हवेत आणि होडीत पाय ठेवण्यापूर्वी अंगावर हवे.

बंधाऱ्याच्या पायथ्याशी पडणारे पाणी उलट फिरून माणसाला पुन्हा बंधाऱ्याकडेच खेचते, तर जलपर्णीत वल्हे आणि इंजिनाचा पंखा अडकतो. म्हणून ही दोन्ही ठिकाणे टाळावीत. होडी उलटल्यास तिलाच धरून राहावे, कारण उलटलेली होडी बहुधा तरंगत राहते आणि दुरून दिसते. काठावरच्यांनी पाण्यात उडी न घेता दोर, बांबू किंवा रिकामा बंद कॅन पुढे करावा आणि 112 क्रमांकावर कळवावे.

नावाड्याने जास्तीचा प्रवासी नाकारला, तर त्याच्याशी हुज्जत न घालता पुढच्या फेरीची वाट पाहावी आणि जॅकेटविना होडीत कोणीही, विशेषतः कोणतेही मूल, बसू नये.